ताट खोटं बोलत नाही

सोपानतात्या डोंगराला दम देतात. रोज सकाळी ओसरीवर चहाची बशी तोंडाला लावायची आणि कड्याकडे बघून ओरडायचं, "गप पड की लेका, किती आवाज करशील!" गुंजवण्याच्या खोऱ्यात आमच्या बाजूला पावसाळ्यात डोंगर घुमतो. बाकीचे ऐकून गप्प बसतात, तात्या उलट उत्तर देतात.

यंदा वरच्या वाडीमागं जमिनीला भेग पडली, झऱ्याला तांबडं पाणी आलं आणि तात्यांसकट अख्खी वाडी माझ्या शाळेत उतरली. मी नावाचाच गुरुजी, ताबा तात्यांचा. टेम्पोतून आलेली ब्लँकेटं न् तांदूळ त्यांच्या हुकमाशिवाय हलत नव्हते. "भ्यायचं काम न्हाई!" असं ते इतक्या जोरात ओरडत, की न भिणारेही भिऊ लागत.

हजेरीची त्यांची तऱ्हा न्यारी. नावानं हाक मारली तर कुणीही कुणासाठी 'व्हय' म्हणतं. म्हणून येणाऱ्यानं आपलं नाव घातलेलं ताट दारात ठेवायचं. तात्यांनी ताटांवरची नावं वाचली आणि जाहीर केलं, "समदी आली. माणूस खोटं बोलंल गुरुजी, ताट न्हाई."

दिवेलागणीला खिचडी वाढली. ज्यानं त्यानं आपलं ताट उचललं. एक उरलं, ठकूआत्याचं. म्हातारी वाडीच्या टोकाला एकटी राहते, कानानं बहिरी. दोन हाका झाल्या. कुणी उठेना.

तात्यांनी ते ताट हातात घेतलं.

"गुरुजी, ह्ये ताट म्याच आणलं, घाईत माझ्या ताटासंगं. गेल्या नागपंचमीला तिनं दिंडं धाडली हुती ह्याच्यात. रिकामं कसं परत करू, म्हणून माझ्याकडंच ऱ्हायलं. आन् आमची ही गेल्यापासनं घरात रांधतंय कोण?"

आम्ही दोघं वर निघालो. मला परत फिरावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? चिखल, अंधारून आलेलं आणि वरून सुटे दगड घरंगळत होते. तात्या डोंगराला एक अक्षर वावगं बोलले नाहीत. हात जोडून म्हणत होते, "बाबा, वाईच थांब रं. म्हातारी हाय वर."

ठकूआत्या चुलीपुढं भाकरी थापत होती. तात्यांनी काही न सांगता तिला पाठंगुळीला घेतलं. पिठाच्या हातांनी ती त्यांच्या पाठीत गुद्दे घालत होती. ओढा ओलांडला आणि मागं कडकडून काहीतरी कोसळलं. आम्ही वळून पाहिलं नाही. सकाळी पाहिलं, तेव्हा तिचं घर नव्हतं.

शाळेत आल्यावर तात्यांनी ते ताट भरलं, कडेला गुळाचा खडा ठेवला. भरता भरता निम्मी खिचडी खाली सांडली.

"घे आत्ये, तुझं ताट. रिकामं न्हाई दिलं."

मग ते तिच्याशेजारीच बसले आणि मी कधी ऐकला नव्हता एवढ्या हलक्या आवाजात म्हणाले, "लई भ्यालो गं."

तिला काही ऐकू गेलं नाही. तिनं ताट दोघांच्या मधे सरकवलं आणि म्हणाली, "जेव की आता."