नोटीस दिल्याचा पुरावा

बदनामीची नोटीस पोस्टानं पाठवावी, असं वकिलानं मला तीनदा सांगितलं. पण पोस्टानं गेली तर समोरच्याचं तोंड कसं दिसणार? मी स्वतः नेऊन द्यायचं ठरवलं.

लातूरला मी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. बारावीच्या पेपरला एका पोराच्या मोज्यातून मी कॉपी काढली. तो निघाला औशाच्या साप्ताहिक 'ढळढळीत'चे संपादक, मुद्रक आणि प्रकाशक श्रीमंतराव यांचा भाचा. पुढच्याच अंकात ठळक बातमी : 'सृष्टी खानापुरे यांनीच पुरवल्या कॉप्या!' हा अंक कोणी वाचत नाही. आमच्या प्राचार्यांनी वाचला.

"सोमवारी संस्थेची बैठक आहे," ते म्हणाले. "तुम्ही निदान नोटीस दिल्याचा पुरावा आणा. नाहीतर जूनपासून येऊ नका."

निघताना अप्पा, म्हणजे माझे वडील, चपला घालून दारात उभे. "पोरीच्या जातीनं एकटं जायचं न्हाई." (याच पोरीच्या जातीनं एकटीनं एम.एस्सी. केलं, तेव्हा चाललं.) त्यांच्या हातात पिशवी होती. मला वाटलं, डबा असेल.

औशाला 'ढळढळीत'च्या कचेरीत आम्हाला पाहून श्रीमंतराव खुर्चीतून उठलेसुद्धा. "या या, माणिकप्पा! बसा की. च्या सांगतो."

"चहा नको. नोटीस घ्या," मी म्हणाले. "पंधरा दिवसांत माफी छापा, नाहीतर कोर्टात दावा."

"घेतो की बाई. प्रेमानं आणलीय, न्हाई कशाला म्हणू?"

"या प्रतीवर पोच म्हणून सही करा."

"सही तेवढी जमायची न्हाई."

मग मी फोटो काढायचं ठरवलं. फोटोला कोण नाकारणार? "अप्पा, पाकीट तुम्ही द्या. तारीख दिसू द्या. दोघं इकडे बघा."

"फोटोच हाय, तर नीट होऊ दे," म्हणत अप्पांनी पिशवीतून शाल काढली आणि श्रीमंतरावांच्या खांद्यावर घातली. मागोमाग नारळ.

"अप्पा! आपण यांच्यावर केस करतोय!"

"केस कर की. पण कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं असतंय व्हय?"

(आमच्या कपाटात सत्कारात मिळालेल्या चौदा शाली आहेत. त्या कोणी पांघरत नाही, नुसत्या पुढे सरकतात. आता तेरा.)

मी दात-ओठ खाल्ले, पण पाकीट दोघांच्या हातात स्पष्ट दिसत होतं. कायद्याला आणखी काय लागतं? तीन फोटो काढले. श्रीमंतराव म्हणाले, "आम्हालाबी पाठवा." मी लगेच व्हॉट्सॲपवर पाठवले. पुरावा दोन्ही पक्षांकडे असलेला बरा. (मी शिकलेली आहे.)

शनिवारी अंक आला. पहिल्या पानावर तोच फोटो. वर मथळा : 'निर्भीड पत्रकारितेबद्दल खानापुरे परिवारातर्फे संपादकांचा सत्कार, अभिनंदनपत्र प्रदान.'

सोमवारी प्राचार्यांनी माझा मोबाइल आणि तो अंक शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "वडिलांनी शाल घातली, फोटो तुम्ही काढलात. मग बदनामी नेमकी कोणाची झाली, मॅडम?"

जूनपासून माझे तास दुसऱ्या कोणाला दिले आहेत.

घरी अप्पांनी तो अंक चष्मा लावून वाचला. "फोटो झकास आलाय," म्हणाले. मी हिसकावून घेतला. फोटोखाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'छायाचित्र : सृष्टी खानापुरे'.

त्या साप्ताहिकानं माझ्याबद्दल खरं छापलं, ते एवढंच.