आधी भावना, मग ‘टू’

इंग्रजीत घाबरण्यासारखं आहे काय, असं गुरुदत्तराव दाढी करता करता आरशाला सांगत होते. बायकोला सांगून झालं होतं, मुलीला सांगून झालं होतं, आता आरसाच तेवढा उरला होता. संध्याकाळी विचुंब्याहून पाहुणे अनुयाला बघायला येणार होते आणि स्थळ आणणाऱ्या भीमाबाईंनी जाता जाता पिल्लू सोडलं होतं, "घरात इंग्रजी वातावरण आहे हो. जरा जपून."

एरवी गुरुदत्तरावांनी दुर्लक्ष केलं असतं. पण आजवर प्रत्येक स्थळाला नाक मुरडणाऱ्या अनुयाने या मुलाचा फोटो उशीखाली ठेवला होता! आपल्या इंग्रजीपायी पोरीचं जमता जमता मोडलं तर, या धास्तीने ते पनवेलच्या एसटी स्टँडजवळ दिनानाथ सरांच्या संभाषणवर्गात जाऊन बसले होते.

सरांची पद्धत सोपी होती. आधी भावना सांगायची, मग ‘टू’, मग काय करायचं ते. ग्लॅड टू मीट यू. प्लीज्ड टू नो यू. एवढं कळलं की बाकीचं पाढ्यासारखं घोकायचं. खिडकीकडच्या बाकांनी एक वाक्य म्हणायचं, भिंतीकडच्यांनी पुढचं, आणि भेटीपासून निरोपापर्यंतचा अख्खा संवाद एका दमात संपवायचा. मध्ये थांबलं की पहिल्यापासून. शेवटी हात मिळवून दाराकडे चालत जायचं, म्हणजे वर्गही आपोआप सुटायचा. गुरुदत्तराव खिडकीकडचे. त्यांना आपली वाक्यं झोपेतही येत. भिंतीकडची येत नसत, पण ती त्यांची जबाबदारी नव्हती.

पाहुणे वेळेवर आले. मुलाला, विश्वजीतला, आई नव्हती, म्हणून बापलेक दोघंच. वडील कमलाकरराव त्या उकाड्यात कोट घालून घामाने निथळत होते. गुरुदत्तरावांनी नमस्कारासाठी जोडलेले हात आयत्या वेळी सोडवले आणि एक पुढे केला.

"ग्लॅड टू मीट यू."

"प्लीज्ड टू नो यू," कमलाकरराव तत्काळ म्हणाले.

भीमाबाई खोटं बोलत नव्हत्या, माणूस अस्सल निघाला! पण आता माघार घेणं शक्य नव्हतं. गुरुदत्तरावांनी छताकडे बघत ‘ईगर टू हिअर युवर न्यूज’ म्हटलं. कमलाकररावांनीही छताकडेच बघत, कसलीही बातमी न देता, ‘डिलाइटेड टू इन्व्हाइट यू’ म्हटलं. ‘हॅपी टू अ‍ॅक्सेप्ट,’ गुरुदत्तराव गरजले. गाडी उताराला लागली होती. ‘सॉरी टू लीव्ह यू’ म्हणत कमलाकरराव उठले, त्यांना बघून विश्वजीत उठला, आणि ‘सॅड टू से गुडबाय’ म्हणत गुरुदत्तरावांनी स्वतःच्या हाताने दार उघडून दिलं.

सुमतीबाई स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं भुरभुरवत होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या आणि नवरा दारात पुतळ्यासारखा उभा.

"पाहुणे कुठायत?"

"गेले," गुरुदत्तराव म्हणाले. "बोलणं फार छान झालं. फक्त मुलगी दाखवायची राहिली."

त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात आईच्या हातातला ट्रे घेऊन अनुया त्यांच्या बाजूने सरळ जिना उतरली. खालच्या वळणावर तिने दोघांना गाठलं.

"काका, पोहे तरी खाऊन जा. गार होतील."

कमलाकरराव तिथेच पायरीवर टेकले आणि त्यांनी कोट काढला. "मराठीत बोललीस, फार बरं झालं पोरी. माझं इंग्रजी तिथेच संपलं होतं."

मागोमाग धावत आलेल्या गुरुदत्तरावांना ते ‘तिथेच संपणं’ ओळखीचं वाटलं. "दिनानाथ सर?" त्यांनी हळूच विचारलं.

"संध्याकाळचा वर्ग. भिंतीकडचा."

"मी सकाळचा. खिडकीकडचा."

भीमाबाईंनी ‘इंग्रजी वातावरणा’चं पिल्लू दोन्ही घरांत सोडलं होतं! विश्वजीतने आणखी भर घातली, की त्याच्या कंपनीत तर सगळे गुजराती बोलतात. मग त्याने अनुयाला, पोहे तुम्ही केले का, असं विचारलं. तिने, नाही, आईने, मला नीट जमत नाहीत, असं सांगितलं. मला जमतात, असं तो म्हणाला, आणि दोघं एकाच वेळी हसली.

सगळे पुन्हा वर आले. मुलांना विचारून झालं, दोघांनी मान हलवली. आता वरपित्याचा शब्द तेवढा बाकी होता. अशा वेळी मराठीत होकार देणं कमलाकररावांना अगदीच साधं वाटलं असावं. ते उभे राहिले, घसा खाकरला, छताकडे बघितलं आणि थांबले. हवं होतं ते वाक्य खिडकीकडचं होतं. त्यांनी केविलवाण्या नजरेने गुरुदत्तरावांकडे पाहिलं.

गुरुदत्तराव ताडकन उठले. "हॅपी टू अ‍ॅक्सेप्ट!"

कमलाकररावांनी सुटकेचा निःश्वास टाकून हात मिळवला. सुमतीबाई साखरेची वाटी घेऊन आल्या आणि आधी नवऱ्यासमोर धरत म्हणाल्या, "घ्या. तुमची मुलगी तुम्हाला पसंत पडली, हे एक बरं झालं."