लिंबाजीमामांचा गुण्या

आमच्या गल्लीतले लिंबाजीमामा सुतार लग्नात बोहल्याला गुण्या लावत आणि मयताला गेले की तिरडीला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. मामा ते झोपतानाही कमरेचं काढत नसत. माझी तर खात्री आहे, जन्माला येताना ते घेऊनच आले आणि सुइणीची खाट आधी तपासली. गुण्या आणि लाकूड यांच्यात केसभर फट दिसली की आरोळी उठे, "उजेड यायलाय!" माणसांनाही हेच माप. "त्याच्यात लई उजेड हाय, जपून ऱ्हा."

गंमत म्हणजे अख्ख्या लातूरला सरळ करणारा हा माणूस स्वतः बसे डावीकडं कलून. एसटीत तर शेजाऱ्याच्या मांडीवरच. विचारलं की म्हणत, "सवय हाय."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर मिळाला, पाऊस काही मिळाला नाही. नव्या कचेरीच्या बैठकीचं भलं मोठं सागवानी टेबल करायचं काम मामा आणि त्यांचे भागीदार बाबूराव यांना मिळालं, त्यासाठी त्यांच्या अड्ड्यावर फिरत्या करवतीची नवी मशीन आली. सोबत दुकानाचा माणूस, इस्त्रीची पँट घालून.

"मशीन मिळाल्याच्या पावतीवर सही करा मामा," तो म्हणाला. "कोनाचा काटा बघा, बरोब्बर नव्वदवर."

"काटा तुमचा हाय. लाकूड आमचं."

बाबूराव कावले. "मामा, ही मशीन परत गेली तर टेबल दुसऱ्याच्या अड्ड्यावर जाईल. करा की सही!"

"सागवानाचा एकच लॉट हाय, बाबू. वाकडं कापलं तर कलेक्टरला काय फळकुटावर बसवतो? चूक निघाली न्हाई तर हा गुण्या ह्या सायबाचा. मी उद्यापासून फळ्या उचलतो."

गल्ली हादरली. टँकर येऊन उभा होता, पण बायका घागरी तिथंच टाकून मशीनभोवती जमल्या. लातुरात पाण्याकडं पाठ फिरवलेला तो पहिला आणि शेवटचा जमाव.

मामांनी हातभर रुंद फळी आडव्या पट्टीला टेकवून कापली. कापाला गुण्या लावला. डोळा बारीक केला. दुसरा बारीक केला.

उजेड नव्हता.

"द्या तो गुण्या," माणूस हसला. बाबूरावांनी कपाळावर हात मारला.

मामा हसले नाहीत. "थांबा. बारकी चूक एकटी सापडत न्हाई. तिला जोडी लागती." त्यांनी एक तुकडा पालथा घातला, दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवले आणि कापलेल्या कडा एकमेकींना भिडवल्या. "आता चूक दुप्पट होऊन बाहेर येती." मग जोडी तशीच उन्हाकडं उचलली. ऊन दुष्काळाचं, ढगाचा ठिपका नाही. कडांच्या मधून, एका टोकाला मिटलेला आणि दुसऱ्या टोकाला केसभर, लखलखीत...

"उजेड!" ही आरोळी मामांनी मारलीच नाही. सगळ्या गल्लीनं मारली! नायगावपर्यंत ऐकू गेली म्हणतात.

दुकानाच्या माणसानं पाना काढून दिला. मामांनी आडव्या पट्टीचा स्क्रू ढिला केला, पट्टी टिचकीनं सरकवली, पुन्हा कापलं, पुन्हा पालथं घातलं. तिसऱ्या खेपेला अंधार! मग काटा पट्टीप्रमाणं सरळ केला आणि झोकात सही ठोकली. बाबूरावांनी त्यांना खांद्यावर घेतलं. तिथंही ते डावीकडंच कलले.

संध्याकाळी मी पेढे घेऊन गेलो. मामा जेवत होते. खालचा पाट पाहिला आणि हसू फुटलं; उजवी बाजू बोटभर उंच.

"मामा, ह्यातून तर सूर्य दिसंल! उद्या मशीनवर घ्या, दोन मिनिटांत सरळ."

"तुझ्या मामीनं केलाय." मामांचा घास थांबला. "मागल्या मोठ्या दुष्काळात मी खडी फोडाय गेलतो. माझीच करवत घेऊन केला बघ तिनं. आल्या आल्या म्हणली, बसा. अन् मी काय केलं? गुण्या लावला."

"मग?"

"मग काय न्हाई. पुन्हा करवतीला हात लावला न्हाई तिनं."

मामींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. निघताना दाराबाहेरच्या खिळ्याकडं लक्ष गेलं. दिवसभर गाजलेला गुण्या तिथं टांगला होता. मामा जेवायला त्या पाटावर बसत, तेवढा वेळ त्याला घरात मज्जाव होता.