भिका नानांचं बिनतारेचं गाव

वीज खात्यात लाइनमन म्हणून उभी हयात खांबावर काढलेल्या भिका नानांनी निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर स्वतःच्या घरातली वीज तोडून घेतली. तीही धुळ्यात, भर उन्हाळ्यात. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. त्यामुळे त्या दिवसापासून नाना दुपारी आमच्या पंख्याखाली येऊन बसू लागले. मोबाइलही आमच्याकडेच चार्ज होई. मी काही सुचवू पाहिलं की म्हणत, "बठ्ठासनं शे, सर." म्हणजे सगळ्यांचं आहे. पंखा माझा एकट्याचा आहे असं म्हणायची मला सोय नव्हती, कारण मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. सहकाराचा धडा मला पाठ आहे.

नानांच्या डोक्यात एक गाव होतं. दोंडाईच्याकडच्या त्यांच्या तीन एकरांत पाच कुटुंबं राहणार. बाहेरून वीज नाही, नळ नाही. छपरावर सोलर, विहिरीचं पाणी, शेणाचा गॅस. आणि पाचांत मिळून एक स्वयंपाकघर, एक शिलाई मशीन, एक मोटारसायकल. जन्मभर आपणच तारा ओढल्या आणि त्यांनीच घात केला, असं त्यांचं ठाम मत. "तार घरघर गई नि दारं लागी ग्यात," असं ते सांगत; म्हणजे वीज घरोघर आली आणि दारं बंद झाली.

मला हे फारच पटलं. मी भारावून गावाची घटनाच लिहायला घेतली. अकरा पानं झाली. मोटारसायकलवर पहिला हक्क कोणाचा, यावर दोन पानं गेली. तो माझा निघाला. सभा नानांच्या ओट्यावर होत. एका सभेत सगळ्यांच्या भाजीत तिखट किती टाकायचं, यावरून दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली. मी मध्यस्थी केल्यावर तिसरंही.

होळी झाल्यावर आठ दिवस राहून बघायचं ठरलं. ठरल्या दिवशी एकाच्या घरी साखरपुडा निघाला, एकाचा गुडघा निघाला, उरलेल्याने फोन उचलला नाही. माझी बायको म्हणाली, तुम्ही आधी राहून या. तेव्हा पोहोचलो मी एकटा. साधेपणाने राहायचं म्हणून दोन मोठ्या बॅगा आणि कपड्यांखाली दडवलेला बॅटरीचा पंखा घेऊन.

सोलरवर अजून एकच दिवा चालत होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या पंख्याची बॅटरी संपली आणि तत्त्वनिष्ठाही. मी नानांना सांगितलं, घरून फोन आलाय, बायकोला बरं नाही. माझा फोन आदल्या संध्याकाळीच बंद पडला होता, आणि तो नानांच्या देखत पडला होता.

जेवून जा, एवढंच नाना म्हणाले.

पहिल्या दिवशी आम्ही झाडाखाली बसून घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे पत्र्याच्या त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच शिरलो. शेणाचा गॅस तयार व्हायचा होता, म्हणून चूल पेटली होती. फळीवर स्टीलची एकवीस ताटं उभी होती. प्रत्येकावर नाव कोरलेलं. साखरपुडावाल्यांची, गुडघेवाल्यांची, माझ्या बायकोचं, माझ्या पुण्याच्या नातीचंसुद्धा.

नानांनी माझं ताट काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं, वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली. मग आपलं घेऊन समोर बसले. नानी जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी सुरतला. भिंतीला भिंत लागून असून मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की नाना, आज जेवलात का?

"दिवा नही ऱ्हायना तरी चाली, सर," ते ताटाकडे बघत म्हणाले. "पन एकला माणूसले जेवन जात नही."

माझं पोट भरलं होतं. एस.टी.ची वेळही होत आली होती. मी आणखी अर्धी भाकरी मागितली.

"थांबा, ताजी टाकस," म्हणत नाना लगबगीने चुलीकडे गेले.