कायमचा पत्ता : आतडे

आमची ठमी मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात हजर झाली, आणि तिथेच तिचं चुकलं. तिला गर्भाशयाचा आजार झाला होता. पंधरवडा आतड्यांचा चालू होता.

हसू नका. 'एका पंधरवड्यात एकच अवयव' हे परिपत्रक मी लिहिलेलं आहे. त्याच खात्यात चौतीस वर्षं काढून मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. त्याआधी काय अनागोंदी होती म्हणून सांगू! एकाच दिवशी घोडा खुराने यायचा, मांजर कानाने, बकरी डोळ्याने. तक्ते कसे जुळणार, कपाळ? मी अवयवांना तारखा नेमून दिल्या. जनावरांनी सुरुवातीला सहकार्य केलं नाही, पण आकडे लगेच सुधारले. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र आमच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर आहे.

ठमी आमची नऊ वर्षांची कुत्री. तपकिरी रंग, डावा कान कायम दुमडलेला. खरं सांगतो, निवृत्तीनंतर माझं बोलणं उठून न जाता ऐकणारी घरात ती एकटीच. रोज सकाळी मी तिला पेपर मोठ्याने वाचून दाखवतो. अग्रलेखापर्यंत टिकते बिचारी.

गेले आठ दिवस मात्र ती बातम्यांच्या पहिल्याच पानाला उठायला लागली होती. सारखं पाणी प्यायची, सारखी बाहेर जायची. खाणं बंद, दोनदा ओकली, आणि पोट टम्म.

"पोट बिघडलंय तिचं," आमच्या हिने निकाल दिला. "अहो, सगळं आतड्यातून सुरू होतं."

हिला आतड्यांची नवी नवी लागण झाली होती. पंधरवड्यानिमित्त खात्याने 'आतडेमित्र' नावाची पावडर फुकट वाटली होती. जनावरांसाठी होती, पण डब्यावर 'समस्त कुटुंबासाठी' असंही छापलं होतं. माझा गुडघा दुखतो तो आतड्यामुळे, जावई फोन करत नाही तोही आतड्यामुळे. आम्ही सगळे पावडर खात होतो. कुंडीतल्या झाडालाही सुट्टी नव्हती. ठमीला पाच दिवस दोन वेळा चमचा-चमचा दिली. मीही गप्प बसलो. घरात शांतता राहते तेवढीच.

दवाखान्याच्या खिडकीत केसपेपरचा कारकून बसला होता. माझाच चेला. मी त्याला शिक्का धरायला शिकवलं.

"या भाऊसाहेब! आजार?"

"अरे, तो माहीत असता तर इथे कशाला आलो असतो?"

"तुम्हीच शिकवलंत ना? आधी आजार, मग डॉक्टर."

गुरूची विद्या गुरूला! एवढ्यात दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तिथून चालल्या होत्या. तरुण मुलगी, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं, म्हणून अजून केसपेपरच्या आधी जनावराकडे बघायची खोड होती. त्या खाली बसल्या. ठमीच्या पोटावरून हात फिरवला, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या.

"काका, ही माजावर कधी आली होती?"

"पाच आठवडे झाले असतील."

त्यांनी तिला तशीच उचलून आत नेलं, पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि परत खिडकीशी आल्या.

"गर्भाशयात पू झालाय. तोंड बंद आहे, त्यामुळे बाहेर काही दिसत नाही. जंतूंचं काम आहे हे, पावडरीने जाणारं नाही. आजच्या आज ऑपरेशन करून गर्भाशय काढायला हवं. एखाद-दोन दिवसांत ते आतच फुटेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

हे त्या चांगल्या मोठ्याने बोलल्या. रांगेत दहा-बारा माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. माझ्या मागे मांजराची टोपली घेऊन कोणीतरी उभं होतं. त्यांनी "अरेरे" म्हटलं आणि माझ्या जागेवर एक पाऊल पुढे टाकलं.

कारकुनाने तक्ता काढला. "आज आतड्यांचा सहावा दिवस. मग दातांचे पंधरा. गर्भाशय आजपासून पंचविसाव्या दिवशी. पहिला नंबर देऊन टाकतो, तुम्ही आपले."

"तोवर ती जगेल का रे?"

"तो रकाना नाही, भाऊसाहेब."

तो रकाना मीच काढून टाकला होता. उगाच जागा खायचा.

तुम्ही म्हणाल, दुसरीकडे न्यायचं. गावात शस्त्रक्रियेचं टेबल एकच, ते इथलं. त्या खोलीची किल्ली खिडकीतून हिरवी चिठ्ठी आल्याशिवाय कोणाला, अगदी डॉक्टरलासुद्धा, मिळत नाही. ही किल्लीची कल्पना कोणाची, ते विचारू नका.

आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब पेल्यात पावडर ढवळत होते. पंधरवड्यासाठी त्यांना पाचशे आतड्यांचं उद्दिष्ट होतं आणि झाली होती दोनशे बारा.

"कुत्रीला आतडी आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत, सर. पण पू गर्भाशयात आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग आहेत त्यांचं बघा की! ज्याचा पंधरवडा नाही त्याचं काय घेऊन बसलात? भाऊसाहेब, दोन डबे घेऊन जा. आतडं ठणठणीत झालं की बाकीचे अवयव आपोआप रांगेत येतात."

बाहेर बाकावर येऊन बसलो. ठमीने हनुवटी माझ्या बुटावर टेकवली. एवढं दुखत असूनही शेपटी दोनदा हलवली, का, तर मी तिच्याकडे बघितलं म्हणून. चौतीस वर्षांत किती जणांना "पुढच्या पंधरवड्यात या" म्हटलं असेन, त्यांची किती जनावरं परत आली, हे कधी मोजलं नव्हतं. आम्ही आलेली मोजायचो.

डॉक्टरबाई भिंतीला टेकून स्वतःशीच चिडल्या होत्या. "आणि गंमत बघा काका, हा जंतू बहुतेक वेळा आतड्यातलाच असतो. तिथे वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. माजाच्या दिवसांत वाट मिळाली की गर्भाशयात जाऊन बिऱ्हाड करतो."

माझे कान टवकारले. "थांबा. मूळचा राहणारा कुठला म्हणालात?"

"आतड्याचा."

"मग रडता कशाला? कागद आणा!"

मी अर्ज लिहिला. रोगजंतूचा कायमचा पत्ता : आतडे. सध्याचा पत्ता : गर्भाशय, तात्पुरता. नियम अकराप्रमाणे नोंद कायमच्या पत्त्यावर व्हावी आणि कारवाई जिथे सापडेल तिथे. कारकुनाने तो तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्याचे डोळे पाणावले.

"असं लिहिणारी माणसं आता राहिली नाहीत, भाऊसाहेब," तो म्हणाला आणि हिरवी चिठ्ठी फाडली.

तासाभरात डॉक्टरबाईंनी दीड किलो वजनाचं, पुवाने फुगलेलं गर्भाशय काढून पाटीत ठेवलं. रजिस्टरमध्ये नोंद झाली : 'आतड्याच्या रहिवाशाने केलेले अतिक्रमण हटविले.' ठमी वाचली. चौथ्या दिवशी तिने अग्रलेख संपेपर्यंत पेपर ऐकला, आणि मी, लाज कसली, ढसाढसा रडलो.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण तपासणी आली. आतड्यांच्या पंधरवड्यात शस्त्रक्रियेचं टेबल वापरलंच कसं, म्हणून डॉक्टरबाईंना नोटीस निघाली. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"तुम्ही जाणकार माणूस. कुत्री कशाने बरी झाली ते लिहून द्या. ऑपरेशनने म्हणालात तर बाईंची चौकशी. पावडरने म्हणालात तर बाईंचं कौतुक. पावडर दिली होती ना घरी?"

"दिली होती."

"मग खोटं कुठाय?"

खोटं कुठेच नव्हतं. मी सही केली. बाईंना वाचवायचं म्हणून केली, असं मी स्वतःला आजही सांगतो.

दोनच दिवसांत दवाखान्याच्या प्रत्येक भिंतीवर ठमीचा फोटो लागला. टाके दिसू नयेत म्हणून बसवून काढलेला. वर मथळा : 'आतडे निरोगी, ठमी आनंदी!' खाली : 'पाच दिवसांत फरक पडला. – एक निवृत्त अधिकारी.' मी हेडक्लार्क होतो, पण छापून आलेलं कशाला खोडा? आमची ही तर हवेत होती. "मी म्हटलं नव्हतं?" एवढं एकच वाक्य तिने त्या आठवड्यात किमान चाळीसदा ऐकवलं.

या यशामुळे आतड्यांच्या पंधरवड्याला दोन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. दात आणि गर्भाशय पुढे ढकलले. डॉक्टरबाईंचं ठरल्याप्रमाणे कौतुक झालं : त्यांची पावडर वाटप विभागात बदली केली. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, पण टाके काढायला मदतनीस पुरतो.

टाके काढायला बाराव्या दिवशी ठमीला घेऊन गेलो. रांगेत माझ्या पुढे एक बाई होत्या, सोबत पांढरी कुत्री. नळाखालच्या ओल्या फरशीला ती जीभ लावत होती. पोट टम्म होतं.

बाईंनी भिंतीकडे पाहिलं, ठमीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगंबाई! हीच ना ती? काका, तुमचा फोटो बघून आम्हीही पावडर चालू केली. चार दिवस झाले. आमची पण अशीच, नुसती पाणी पिते."

"माजावर कधी आली होती?" मी विचारलं.

"महिना झाला असेल. का हो?"

खिडकीत कारकुनाचा शिक्का वरच्या वर थांबला. खरं बोललो तर माझी सही खोटी, डॉक्टरबाईंची चौकशी पुन्हा उघडणार, भिंतीवरून ठमी उतरणार, आणि टीव्हीवरचं प्रशस्तिपत्रही.

"सांगा ना काका. फरक पडतो ना?"

"पडतो," मी म्हणालो. "धीर धरायला हवा."

आला ना राग? यायलाच हवा. पण त्या बाईंचा माझ्यावर पुरता विश्वास बसला नव्हता बरं का. त्या मागे वळल्या आणि माझ्या मागे मांजराची तीच टोपली घेऊन जे कोणी उभं होतं त्यांना विचारलं, "खरंच पडतो का हो?" पहिल्या दिवशी डॉक्टरबाई काय बोलल्या ते तुम्ही अगदी जवळून ऐकलं होतंत. मी तुमच्याकडेच बघत होतो, खूप आशेने. तुम्ही मांजराकडे बघितलंत, खिडकीकडे बघितलंत, आणि मान डोलावलीत.

तुमचा नंबर पुढचाच होता, नाही का?