नरहररावांचा कान आणि बेइमान डिक्की

"माणूस खोटं बोलते, मशीन कधीच नाही! मशीन बिचारी खरं तेच सांगते. फक्त ऐकणारा कान पाहिजे!"

हे वाक्य नरहररावांनी शहराबाहेरच्या सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरीभर लोकांना ऐकवलं, आणि निवृत्त झाल्यावर घरच्यांना ऐकवायला घेतलं. कारखान्यातले लोक निदान बदली मागू शकत होते! तिथं ते मेन्टेनन्सला होते. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर चालत्या मशीनला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं, "आतलं बेअरिंग गेलं!" आणि ते खरंच गेलेलं असायचं. निरोप समारंभात शाल-नारळ मिळाला, तर यांनी वरून तो स्क्रूड्रायव्हरही मागून घेतला. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मिक्सर ऐकला. तेव्हापासून त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई चटणी पाट्यावर वाटतात, पण ते असो.

तर अशा या कानाच्या घरात अनिमेषनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, नवी गाडी आणली. चांगली उंचपुरी, आणि डिक्की बटणावर उघडणारी! बटण दाबलं की टुक-टुक-टुक करत डिक्की आपली आपण वर जाते, पुन्हा दाबलं की खाली येते. शहरातल्याच तात्यापाऱ्याहून गोदूवहिनी, नरहररावांच्या थोरल्या भावजय, मुद्दाम पूजेला आल्या. त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवला आणि वर डिक्की उघडायला लावून गाडीची चक्क ओटी भरली! "लक्ष्मी आहे घरची. रिकाम्या पोटी कशी पाठवायची?" म्हणाल्या.

दोन दिवसांनी अनिमेष ऑफिसच्या ट्रेनिंगला बिलासपूरला निघाला. जाताना किल्ली देऊन म्हणाला, "पापा, डिक्की का एक फंक्शन समझ लो..."

"मले शिकवून राहिला का बे? मी फर्नेसचे दरवाजे उघडले आहेत, डिक्की काय चीज आहे!"

पोरगं हात जोडून गेलं.

आणि गाडी बिघडली! एक नाही, दोन रोग. पहिला, चालवली की मागून खडखड, खुळखुळ, मध्येच टक्. दुसरा त्याहून भयंकर. घराच्या दाराकडे पाठ करून पोर्चमध्ये उभी असताना डिक्की मनाला येईल तेव्हा उघडायची! दूधवाला नत्थू दारात आला, पायातल्या चपला झटकल्या, तोच मागे टुक-टुक-टुक! त्याच्या हातातली किटली लवंडली. शेजारच्या काकू हळदीचं पान मागायला आल्या, चपला काढून उंबऱ्याशी टेकतात तर पाठीमागे डिक्कीनं जबडा वासलेला! "दीदी, गाडी में कुछ है," त्या हळूच सरोजिनीबाईंना म्हणाल्या आणि पान न घेताच पळाल्या.

"अनिमेषले फोन लावते," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"खबरदार! पोट्ट्याले एक शब्द सांगायचा नाही. शोरूमलाही न्यायची नाही. मी काय मेलो का?"

नरहररावांनी दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली खिशात घातली, खुर्ची अंगणात लांब मांडली आणि सबंध सकाळ डिक्कीवर नजर लावून बसले. माणसं आली, गेली. डिक्की ढिम्म! कंटाळून त्यांनी किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली, आत जाऊन चहाचा पहिला घोट घेतला, आणि बाहेर टुक-टुक-टुक!

"बेइमान आहे साली! मी पाहिलं की साळसूद!"

मग त्यांनी इंजिनियरिंग केलं. मागच्या वायपरला नायलॉनची दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक, जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून, तुळशीच्या कुंडीला. कुंडी प्लास्टिकची होती. संध्याकाळी कोणीतरी प्रसाद द्यायला आलं आणि सरोजिनीबाई दिवा घेऊन तुळशीपाशी गेल्या, तर तुळस जागेवर नाही! वर पाहतात तर ती डिक्कीला लोंबकळून झोके घेत होती.

"अहो! माझी तुळस फाशी दिली तुम्ही!"

वायपर वाकला तो वेगळाच.

एरवी नरहररावांनी हे सगळं सावकाश केलं असतं, कारण निवृत्त माणसाला कसली घाई? पण महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. घराण्याच्या महालक्ष्म्या आजवर गोदूवहिनींकडे बसायच्या. पणजीच्या वेळचे शाडूचे दोन मुखवटे, इतके जुने की पुसतानाही वहिनी श्वास रोखून धरायच्या. आता वहिनींचे गुडघे गेले होते, आणि यंदापासून महालक्ष्म्या दिराकडे द्यायच्या ठरल्या होत्या. मानानं त्या नरहररावांकडे यायच्या. सरोजिनीबाईंनी लग्न होऊन आल्यापासून दुसऱ्याच्या घरी पुरण वाटलं होतं. आपल्या घरी महालक्ष्म्या बसाव्या, एवढी एकच गोष्ट त्यांनी नवऱ्याजवळ आयुष्यात मागितली होती. पण धाकटा दीर अच्युतही आशेवर होता, आणि त्याची जुनी गाडी कितीही खटारा असली तरी तिची डिक्की लाथ मारल्याशिवाय उघडत नव्हती.

तोच अच्युत दुसऱ्या दिवशी सहज म्हणून आला. दारात चपला काढल्या आणि डिक्कीनं त्याचं स्वागत केलं.

"दादा, हे तं डेंजर आहे. मुखवटे यातून आणशील?"

"आणीन! आज खडखड शोधतो, उद्या डिक्की. तू गाडी चालव, मी मागे झोपून ऐकतो."

"डिक्कीत?"

"हव! आणि एक लक्षात ठेव. मी काही म्हणलं तरी गाडी थांबवायची नाही. थांबवली की आवाज बंद होते. समजलं?"

अच्युतला समजलं. तो आज्ञाधारक होता, विशेषतः जिथं दादाची फजिती व्हायची शक्यता असेल तिथं. नरहरराव डिक्कीत आडवे झाले, गुडघे पोटाशी, स्क्रूड्रायव्हर कानाशी. वरून सामान झाकायचं फळकुट बसलं आणि गाडी निघाली.

खडखड होती! डाव्या कुशीला, खोल कुठंतरी. "शॉकअपचा बुश!" नरहरराव ओरडले. पुढच्या वळणावर, "नाही, सायलेन्सर!" त्याच्या पुढच्या खड्ड्यात डोकं आपटलं आणि निदान विसरलं. अन् मग पिंढरीत गोळा आला. असा गोळा, की नरहररावांना थेट पणजीच दिसली.

"थांब! अच्युत, थांब बे!"

"नाही थांबत, दादा! तूच सांगितलं!"

नरहररावांनी मुठींनी पत्रा बडवायला सुरुवात केली.

"दादा, आता आवाज एकदम क्लिअर येऊन राहिला!" अच्युत पुढून आनंदानं ओरडला. "हाच का तो?"

गाडी सदर बाजारात शिरली आणि गर्दीत अडकली. नरहररावांनी फळकुट ढकलून दोन्ही तळहात मागच्या काचेला लावले. मागे स्कूटरवर एक बाई होत्या. त्यांनी ते हात पाहिले, आणि हातांमागचा तो वेदनेनं पिळवटलेला चेहराही.

"भैया! डिक्की में आदमी है! किसी को उठा के ले जा रहे हैं!"

झालं! सोनार दुकानातून बाहेर आले, कापडवाले आले, दोघांनी बॉनेटवर हात मारले. अच्युतची पाचावर धारण बसली आणि त्यानं घाबरून समोर सापडेल ते बटण दाबलं. टुक-टुक-टुक करत, अगदी सावकाश, नाटकाचा पडदा वर जावा तशी डिक्की उघडली. आत नरहरराव, एका हातात पिंढरी, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर.

"इसके पास हथियार है!" कोणीतरी ओरडलं.

आणि समोरच्या साडीच्या दुकानाच्या पायरीवर, महालक्ष्म्यांच्या नव्या साड्यांचं गाठोडं छातीशी धरून, गोदूवहिनी उभ्या होत्या.

"नरहरभाऊजी! डिक्कीत काहून झोपले?"

नरहररावांनी तोंड उघडलं, पण गोळा आणखी वर चढला आणि तोंडातून फक्त "आईगं" निघालं. गोदूवहिनींनीच गर्दीला हाकललं. "घर के हैं, पागल नहीं हैं," त्या म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या भागावर त्यांनी फारसा जोर दिला नाही. मग अच्युतनं त्यांना सगळं सांगितलं, खडखड, डिक्की, तुळस, काही म्हणून गाळलं नाही.

"ऐका, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "उद्या मी स्वतः गाडीत बसून येते. रस्त्यात मागं जरा जरी खडखड झाली, तं मी मुखवटे अच्युतकडे उतरवीन. पणजीबाईचे आहेत ते, तडा गेला तं मी वर जाऊन काय तोंड दाखवू?"

घरी सरोजिनीबाईंनी सगळं ऐकलं. रांगोळीचा डबा काढला होता, तो त्यांनी मुकाट्यानं फळीवर परत ठेवला. मिक्सरच्या वेळेला त्या चांगलं अर्धा तास बोलल्या होत्या. आज फक्त डबा फळीला टेकल्याचा आवाज झाला, आणि त्याचं निदान नरहररावांना स्क्रूड्रायव्हरशिवाय कळलं.

ते तडक पोर्चमध्ये गेले, कान गेला चुलीत म्हणाले, आणि डिक्कीच्या डाव्या बाजूचं झाकण सरळ उचकटून आत हात घातला. हाताला लागली सुपारी! मग दुसरी सुपारी. एक हळकुंड, एक खारीक, एक बदाम आणि मूठभर तांदूळ!

"ओटी!" ते किंचाळले. "सरू, गाडीच्या पोटात ओटी आहे! वहिनींनी भरली तीच, फटीतून घरंगळलेली!"

सरोजिनीबाई धावत आल्या. पण आनंद करायचं सोडून कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "भरलेली ओटी काढतात का कोणी? गोदूताईंना कळलं तर?"

हेही खरंच! ओटी ठेवावी तर खडखडते, काढावी तर अपशकुन. शेवटी बाईंनीच नवा खण आणला, ओटी त्यात घालून करकचून गाठ मारली आणि जिथली तिथं ठेवली. नरहररावांनी गल्लीत दोन चकरा मारल्या. गाडीतून हूं नाही की चूं नाही! आणि डिक्की परक्याच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी किल्ली बायकोच्या कमरेला खोचायला दिली. "तुझ्या कमरेतून कोणी काही उघडवू शकत नाही, मी अनुभवानं सांगतो," म्हणाले. रांगोळीचा डबा पुन्हा खाली आला.

दुसऱ्या दिवशी तात्यापाऱ्याहून गाडी निघाली. मागे दुलईत मुखवटे, पुढे गोदूवहिनी, कान टवकारून. नरहरराव गाडी अशी चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. अच्युत मागच्या सीटवर प्रत्येक खड्ड्याला आशेनं वाकत होता. पण आवाज नाही!

घरी गाडी नेहमीसारखी उलटी पोर्चमध्ये लावली. अनिमेषही नुकताच स्टेशनवरून आला होता. मुखवटे उतरवले, डिक्की बंद झाली, किल्ली पुन्हा सरोजिनीबाईंच्या कमरेला गेली. फाटकापासून, गाडीच्या मागून, थेट देवघरापर्यंत सरोजिनीबाईंनी रांगोळीची पावलं काढली होती. एक मुखवटा वहिनींच्या हाती, एक त्यांच्या.

"कोण आलं?" आतून शेजारच्या काकूंना विचारायला शिकवलं होतं, त्यांनी विचारलं.

"महालक्ष्मी आली!"

"किसके... कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी!" म्हणत गोदूवहिनींनी बंपरशी थांबून पायातली चप्पल झटकली.

टुक-टुक-टुक!

डिक्की उठली ती पाटावर पाणी घेऊन वाकलेल्या नरहररावांच्या हनुवटीला लागून वर गेली. पाट पडला, पाणी सांडलं, काकू आतूनच किंचाळल्या. सरोजिनीबाईंनी डोळे गच्च मिटून मुखवटा छातीशी धरला. आणि अच्युतचा चेहरा असा उजळला की काही विचारू नका.

"पाहा वहिनी! मी म्हणलं नव्हतं?"

नरहरराव तसेच खाली बसून राहिले. हनुवटी दुखत होती, पण त्यांना बायकोकडे पाहवेना.

तोच अनिमेष खो खो हसायला लागला. "अरे पापा, ये तो फीचर है! चाबी पास में हो और बंपर के नीचे पैर हिलाओ, तो डिक्की अपने आप खुलती है. हात भरलेले असतात न, इसलिए. जाते वक्त यही तो बता रहा था!"

"मग काहून नाही सांगितलं?"

"आप सुनते कहाँ हो!"

नरहररावांना खिळ्यावरची किल्ली आठवली. नत्थूच्या चपला आठवल्या, काकूंच्या, अच्युतच्या. सगळ्या गावानं त्यांच्या बंपरखाली चपला झटकल्या होत्या!

गोदूवहिनी मात्र वर उचललेल्या डिक्कीकडे टक लावून पाहत होत्या. "म्हणजे हिले पाय समजते?" त्या म्हणाल्या. "महालक्ष्मीचं पाऊल पडलं अन् गाडी उठून उभी राहिली! अच्युत, तुह्या गाडीले तं लाथ मारावी लागते न रे? इथंच बसतील माह्या महालक्ष्म्या."

सरोजिनीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि रांगोळीच्या पावलांवरून त्या आत गेल्या. नरहररावांनी सांडलेलं पाणी पुसता पुसता दोनदा नाक पुसलं.

महालक्ष्म्या जेवल्या, विसर्जन झालं. तिसऱ्या दिवशी वहिनींना परत सोडायला गाडी काढली, तशा त्या एकदम थांबल्या.

"भाऊजी, येताना मी सारा रस्ता ऐकून राहिली होती. मी भरलेली ओटी कुठं गेली?"

नरहररावांनी शरमून खणाचं गाठोडं दाखवलं.

"गाठ मारून? ओटी अशी कोंडून ठेवतात का? आता मागं मुखवटे नाहीत, वाजू द्या लक्ष्मीले!" त्यांनी गाठ सोडली, जुनी ओटी डिक्कीत मोकळी केली आणि वरून पाच सुपाऱ्या, पाच हळकुंडं आणि एक अख्खा नारळ घातला.

तात्यापाऱ्यापर्यंत गाडीनं बँड वाजवला. अनिमेष चालवत होता. नरहरराव शेजारी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून, डोळे मिटून बसले होते.

"डाव्या बाजूले सुपारी," ते गंभीरपणे म्हणाले. "हे हळकुंड. आणि हा जो धप् आवाज येते न, हा नारळ."

निदान शंभर टक्के बरोबर होतं. फक्त या वेळी त्यांना कोणी विचारलं नव्हतं.