बायकोची रास, आईचा विंचू

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा बायकोची रास हातावर गोंदवून घ्यायची, असं मी एका मंगळवारी चहा पिता पिता ठरवलं. (माझे सगळे घातक निर्णय चहाबरोबरच होतात.) तिला आधी सांगायचं नाही, हेही ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

टॅटूवाली मुलगी मोठी समजूतदार. वही उघडून म्हणाली, "काका, मी काळ्या शाईतच काम करते. बारीक रेषेचं हवं, ठिपक्याठिपक्यांचं की भरीव? सिंह म्हणजे धाडस, तूळ म्हणजे समतोल, विंचू म्हणजे जिवापाड निष्ठा. काकूंची रास?"

"वृश्चिक!" मी ठणकावून सांगितलं. मी जन्मनोंदणीच्या खिडकीवरचा कारकून. एकवीस वर्षं लोकांच्या जन्मतारखा तपासतोय, घरची चुकेल कशी?

ठिपक्यांचा विंचू दोन तास चालला. प्रत्येक ठिपक्याला मी "आई गं!" म्हणत होतो.

"काका, टॅटू काकूंसाठी आणि हाका आईला?" मुलगी हसली.

घरी येऊन मी ऐटीत बाही वर केली.

"हा विंचू कुणाचा?" बायकोनं विचारलं.

"तुझा!"

"माझी रास मीन. वृश्चिक आईंची."

एवढं बोलून ती धुतलेलंच पातेलं पुन्हा घासायला लागली. ती रागावली असती तर परवडलं असतं. पण तिचे डोळे भरले होते.

तेवढ्यात आई आली. तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस मी साफ विसरलो होतो, म्हणून गेला महिनाभर ती माझ्याशी बोलत नव्हती. तिनं चष्मा सावरला, माझा हात हातात घेतला आणि विंचवाच्या नांगीवरून हलकेच बोट फिरवलं.

"माझ्यासाठी एवढ्या सुया टोचून घेतल्यास रे?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. (ही माझी जुनी खोड.) पण बायको पुढे झाली.

"हो ना, आई. वाढदिवस विसरल्याचं फार मनाला लागलं होतं त्यांच्या. सांगायचा धीर होत नव्हता."

"वेडा कुठला! जेवलास का?" आईनं जेवणाचं विचारलं, महिन्याभरात पहिल्यांदा.

आई आत गेल्यावर मी बायकोला म्हटलं, "तुझे उपकार कसे..."

"असू द्या. उद्या मला त्या मुलीकडे घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत बसली आणि मनगट पुढे करत म्हणाली, "यांची रास काढ. कुंभ. छोटीशीच."

मला गहिवरून आलं. इतकं चुकूनही ही बाई माझी रास अंगावर वागवणार! मी रुमाल काढला.

"कुंभ म्हणजे ज्ञानाचा घडा, काकू," मुलगी म्हणाली. "सरळ काढू, की पाणी ओतताना कलता?"

बायकोनं माझ्याकडे अतिशय प्रेमानं पाहिलं.

"पालथा काढ," ती म्हणाली.